कायमचा नरक मानणं हेच नीतीत बसतं का?

खाजण

कोकणातल्या जरा मोठ्या गावात तीन वाड्यांवर तीन मयतं झाली, तर मेलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे तिन्ही घरी सांगितलं जातं. एका घरी दिवस चालू असतात, संध्याकाळी गरुडपुराण लागतं. दुसरीकडे रोझरी असते, महिन्याची मिसा सांगितलेली असते. तिसरीकडे तिसऱ्या दिवसाची जियारत. नरक, यमकोंड, जहन्नम यातला एखादा शब्द तिन्ही ठिकाणी कधी ना कधी निघतो. आणि तिन्ही ठिकाणी पुढे मुलं बसलेली असतात.

नरक आहे की नाही यावर या मंचावर आधी भरपूर रणं झाली आहेत, तो विषय नको. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, एखादा माणूस मनापासून मानतो की काही माणसं मेल्यावर कायमची यातना भोगतील, तिला शेवट नाही, आणि हे योग्यच आहे. असं करणाऱ्या देवाला तो रोज हातही जोडतो. तर हे मानणंच अनीतीचं म्हणायचं का? की मनातल्या समजुतीला दोष देता येत नाही, दोष फक्त वागण्याला?

यातच दोन पोटप्रश्न आहेत. ‘आपल्यात कायमचा नरक नाहीच’ असं हिंदू घरांत छातीठोकपणे सांगतात, ते कितपत खरं? ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात ‘कायमचा’ म्हणजे नेमका किती, आणि कोणासाठी? ऐकीव नको, अध्याय-कलम सांगा. मुलांसमोर काय वाचावं, काय टाळावं हेही कोणी नीट सांगितलं तर बरं.

बावखोल

हिंदूंबद्दल लिहितो. ‘आपल्यात कायमचा नाही’ हे बहुतांशी खरं आहे, पण पूर्ण नाही. जो भाग खरा नाही तो नेमका आपल्याच किनाऱ्यावर आहे.

आधी खरा भाग. भागवताच्या पाचव्या स्कंधात २६व्या अध्यायात नरकांची यादी आहे: तामिस्रापासून अयःपानापर्यंत २१, मग क्षारकर्दम ते सूचीमुख असे आणखी ७, एकूण २८. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात २१. घरोघरी वाचतात ते ‘गरुडपुराण’ बहुतेक वेळा मूळ पुराण नसतं, नवनिधिरामाने केलेला १६ अध्यायांचा सारोद्धार, म्हणजे सारसंग्रह, असतो. त्याच्या तिसऱ्या अध्यायात नरक ८४ लाख आहेत आणि त्यातले २१ सगळ्यांत घोर. हे आकडे ऐकून लोक दबतात, पण तुरुंग किती आहेत आणि शिक्षा किती वर्षांची आहे हे वेगवेगळे प्रश्न आहेत. मुदतीबद्दल भागवत ३.३०.३४ स्पष्ट आहे: खालच्या सगळ्या यातना क्रमाने भोगून जीव शुद्ध होतो आणि पुन्हा इथेच येतो. त्याच अध्यायात २९व्या श्लोकात कपिल मुनी आईला सांगतात की नरक आणि स्वर्ग इथेच आहेत असंही म्हणतात, कारण नरकातल्या यातना इथेही दिसतात. हा श्लोक वाचताना बहुतेक जण पुढे सरकतात, का ते कळत नाही.

स्वर्गालाही तोच नियम. गीता ९.२१: पुण्य संपलं की मर्त्यलोकात परत. केलेलं कर्म मोजकं, म्हणून फळही मोजकंच, गोड असो की कडू. जैन ग्रंथ तर किमान आणि कमाल मुदत देतात. पहिल्या नरकभूमीत कमीत कमी १०,००० वर्षं, सातवीत जास्तीत जास्त ३३ सागरोपम. सागरोपम हे माप कल्पनेपलीकडचं आहे, पण त्याला दुसरा काठ आहे.

सारोद्धारातली वाटचाल मोजून पाहा. यमपुरीपर्यंत ८६,००० योजनं, रोजची चाल २४७ योजनं, वाटेत १६ नगरं. भागाकार केला की ३४८ दिवस येतात, म्हणजे चांद्रवर्षाला जेमतेम कमी. मासिक श्राद्धं वर्षभर का, याचं उत्तर या हिशेबात आहे. सगळी मांडणी एके दिवशी बंद होणाऱ्या खात्याची आहे.

आता जे खरं नाही ते. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात जीव तीन प्रकारचे: मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य. तमोयोग्य जीव शेवटी अंधतमसात, म्हणजे गडद अंधाराच्या नरकात, जातात आणि तिथून परत येत नाहीत. गीता १६.१९-२० मधलं ‘अजस्रम्’ (सतत) आणि ‘अधमां गतिम्’ (सगळ्यांत खालची गती) ते या अर्थाने घेतात. शंकराचार्य किंवा रामानुज यांच्याकडे जीवांची अशी कायमची वाटणी नाही. आणि काणकोणातला गोकर्ण पर्तगाळी मठ, तसाच काशी मठ, हे मध्व परंपरेचे. कवळे आणि चित्रापूर मठ स्मार्त अद्वैती, म्हणजे शंकराचार्यांच्या वाटेचे. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच सारस्वत ज्ञातीत, लग्नसंबंध असलेल्या घरांत, कायमचा नरक असलेला आणि नसलेला असे दोन्ही सिद्धान्त नांदतात. जेवणाच्या पंगतीत मात्र यावरून कधी भांडण होत नाही, कारण मठाचा हा भाग फारसा कोणी वाचलेला नसतो.

नीतीच्या बाजूने मध्वमताची अडचण अशी. देव पक्षपाती ठरू नये म्हणून ते म्हणतात, जीवाचा स्वभाव अनादी आहे, देवाने घडवलेला नाही. ठीक. पण स्वभावच तसा असेल आणि तो बदलणारच नसेल, तर त्याला शिक्षा म्हणता येत नाही. काजऱ्याला कडू फळ आलं म्हणून काजऱ्याला चाबकाने फोडण्यासारखं होईल ते.

एक जोड. गीतेच्या याच श्लोकांवर ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय आसुरी जीवांची दशा फार भयानक रंगवतो, कुठे सौम्य करत नाही. पण वर्णन संपताच ज्ञानदेव थांबून म्हणतात, ‘हें सांगतां वाचा रडे । आठवितां मन खिरडे’. खाजण, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. नरक सांगणाऱ्याचा आवाज सांगताना कसा होतो, तिकडे बघा.

तिरफळ

बावखोलांनी पोथयेतला सांगल्यानी, मी देवळातला सांगतंय. मालवणी मुलखात देवाक गाऱ्हाणा घालतत तेव्हा ‘चुकला माकला आसात तर पोटात घाल’ असाच म्हणतत, आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ करतत. देवचार (गावचो राखणदार) रागावलो तरी वाट चुकवता, आणि रोट-विडी ठेवली की सोडता. रागाक मुदत आसा. खयच्याच गाऱ्हाण्यात ‘ह्येका कायमचो जाळ’ असा ऐकूक येवचा नाय.

(कुणाचो वायट कर म्हणान गाऱ्हाणा घालणारे पण आसत, ता मी नाकारणय नाय. पण तेतूय मुदत आसता.)

सुरंगी

कॅथलिक बाजू मांडते, कारण हीच सगळ्यांत जास्त ऐकीव माहितीवर बोलली जाते.

आधी तो शब्दच बघा. कोकणी ख्रिस्ती माणूस नरकाला यमकोंड म्हणतो. सोळाव्या-सतराव्या शतकात मिशनऱ्यांनी इथले शब्द उचलले. थॉमस स्टीफन्सच्या १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. यमाचं नाव घेतलं, यमाच्या शिक्षेची मुदत मात्र घेतली नाही.

आजची अधिकृत शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आहे, कॅटेकिझम म्हणतात तो. कलम १०३५: नरक आहे आणि तो कायमचा आहे. यात पळवाट नाही. पण कलम १०३७ म्हणतं की देव कोणालाही नरकासाठी नेमून ठेवत नाही. त्यासाठी माणसाने जाणूनबुजून देवाकडे पाठ फिरवायला हवी आणि शेवटपर्यंत तशीच ठेवायला हवी. कलम १८५७ मध्ये प्राणघातक पापाच्या, म्हणजे नरकात नेणाऱ्या पापाच्या, तीन अटी आहेत: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि संमती मनापासून हवी. तिन्ही एकदम. भीतीने, व्यसनाने, अज्ञानाने, मनाच्या आजाराने केलं तर तिसरी किंवा दुसरी अट ढासळते. ज्यांना आपला दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, त्यांना तारणाचा मार्ग बंद नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली लिहून ठेवलंय. चर्चने संत म्हणून हजारो नावं जाहीर केली, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकाही नावाबद्दल कधी जाहीर केलेलं नाही.

चुकतं कुठे, तर कॅटेकिझमच्या वर्गात १०३५ शिकवलं जातं आणि १०३७, १८५७ राहून जातात. मग दहा वर्षांच्या पोराला वाटतं की रविवारची मिसा बुडली म्हणजे थेट आग. आत्महत्येचं उदाहरण घ्या. १९१७ च्या धर्मविधीसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता, १९८३ च्या संहितेत ते नाव यादीतून गेलं, आणि कॅटेकिझमचं कलम २२८३ सांगतं की अशा माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. तरीही गावात मागच्यांना जुनंच ऐकवणारे भेटतात. त्यांचा हा अडाणीपणा म्हणजे श्रद्धा नव्हे, आणि मी त्याला निरुपद्रवी म्हणणार नाही.

मूळ वचन मत्तय २५:४६. मराठी बायबलात ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’. ग्रीकमधलं विशेषण ‘आयोनियोस’ हे ‘आयोन’ म्हणजे युग यावरून आलेलं, म्हणून काही जण ‘युगाची शिक्षा’ असं वाचतात. शिक्षेसाठीचा शब्द ‘कोलासिस’. ॲरिस्टॉटलने भोगणाऱ्याच्या सुधारणेसाठीची शिक्षा आणि देणाऱ्याच्या समाधानासाठीचा सूड यांत फरक करताना पहिलीला हाच शब्द वापरलाय. यावर चर्चचा जुना धर्मशास्त्री ऑगस्टिन याचं उत्तर सोपं आणि जड आहे: एकाच वाक्यात एकच विशेषण दोनदा आलंय, शिक्षेला अंत आहे म्हणाल तर जीवनालाही अंत म्हणावा लागेल. ओरिजेन या धर्मशास्त्र्याने तिसऱ्या शतकात सगळे शेवटी परततील असं मांडलं. त्याच्या मतांचा ५४३ साली सम्राट जस्टिनियनने निषेध केला. पण त्याच्याच वाटेने जाणारा नीसाचा ग्रेगरी आजही संतांच्या यादीत आहे. म्हणजे चर्चच्या घरातही या दाराला कुलूप आहे, पण किल्ली कोणी समुद्रात फेकलेली नाही.

बावखोलांनी आवाजाचं म्हटलं ते मला टोचलं, कारण आमच्याकडे उलटं उदाहरण आहे. मध्ययुगातला धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा’ ग्रंथाच्या पुरवणीत (ती त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच जुन्या लेखनातून जुळवली) ९४व्या प्रश्नात म्हटलंय की स्वर्गातल्यांना नरकातल्यांच्या यातना दिसतात आणि त्यांना दया येत नाही. आनंद यातनेचा नाही, देवाच्या न्यायाचा आणि आपल्या सुटकेचा, असा खुलासाही आहे. खुलासा तर्काला धरून आहे. पण वाचा मात्र रडत नाही.

पडाव

इस्लामबद्दल थोडक्यात, तरी अचूक. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई विधिशाखेचे, म्हणजे अकीद्यात (श्रद्धेच्या तत्त्वांत) साधारण अशअरी पंथाचं वळण.

‘कायमचा’ सगळ्यांसाठी नाही. ईमान (श्रद्धा) असलेला माणूस कितीही गुन्हेगार असला तरी शेवटी जहन्नममधून बाहेर येतो, ही सुन्नी भूमिका. ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की ज्याच्या मनात जवाच्या दाण्याएवढं, मग गव्हाच्या दाण्याएवढं, मग कणाएवढं चांगलं असेल तोही निघेल. मोठं पाप करणारा तौबा (पश्चात्ताप) न करता मेला तर कायमचा आत, असं म्हणणारे मुअतझिला या जुन्या पंथाचे लोक होते, आणि सुन्नींनी ते मत सोडून दिलं. कायमची शिक्षा येते ती कुराण ४:४८ वरून, शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्या कोणाला भागीदार मानणं) तसाच घेऊन मेलेल्याला.

मग शेजारच्या हिंदूचं काय, हा या मुलखातला रोजचा प्रश्न. धर्मपंडित गझाली (मृत्यू ११११) यांनी बिगरमुस्लिमांचे तीन गट केले: ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं नावच पोचलं नाही, ज्यांच्यापर्यंत विकृत होऊन पोचलं, आणि ज्यांना नीट कळूनही ज्यांनी हट्टाने नाकारलं. पहिल्या दोघांना माफी. आधार १७:१५ सारखी वचनं, दूत पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा देत नाही. आज दुसऱ्या गटात किती लोक बसतात याचा विचार ज्याने त्याने करावा.

आगीला अंत आहे का, यावरही वाद झालाय. ११:१०७ मध्ये ‘आकाश आणि जमीन असेपर्यंत, तुझा रब चाहील ते सोडून’ असं आहे, ७८:२३ मध्ये ‘अहकाब’ म्हणजे युगानुयुगं. यावरून धर्मपंडित इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न अल-कय्यिम (मृत्यू १३५०) आग शेवटी विझेल या बाजूला झुकले. तकीउद्दीन सुबकी यांनी त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि बहुसंख्य उलेमा सुबकींच्या बाजूचे. ते लपवण्यात अर्थ नाही.

पण अकीद्याच्या जुन्या पुस्तकातला एक नियम मयताच्या घरी विसरला जातो: एखाद्या व्यक्तीचं नाव घेऊन हा जन्नती, हा जहन्नमी असं आपण सांगायचं नाही. वर सुरंगी यांनी चर्चबद्दल सांगितलं तेच. सिद्धान्त कायमचा असला तरी नाव घालायची जागा रिकामी ठेवलेली आहे. ती भरायला बसणारा माणूस स्वतःच्याच धर्माच्या विरुद्ध वागतो.

आडवाट

सगळेच जण कायमचा शब्द पातळ करण्याच्या मागे लागलेत, म्हणून दुसरी बाजू. लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारणारा म्हातारपणी अंथरुणात शांत मरतो. त्याला कुठेच काही नाही असं मानणं जास्त नीतीचं का? ‘क्षणाचं पाप, अनंत शिक्षा’ हा आक्षेप ऑगस्टिनने ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या २१व्या खंडातच फेटाळलाय: कुठलाच कायदा गुन्हा करायला जेवढा वेळ लागला तेवढीच शिक्षा देत नाही. शिवाय नरकाचं दार आतून लावलेलं आहे असंही म्हणता येतं. माणूसच बाहेर यायला तयार नाही, तर देवाने काय करावं? हे मानणारा माणूस क्रूर कसा?

गंजिफा

आडवाट यांचा पहिला मुद्दा मला मान्य आहे आणि तो मांडायलाच हवा होता. खुनाला मिनिट पुरतं, जन्मठेप मिनिटाची नसते. त्यामुळे ‘पाप थोडा वेळ, शिक्षा जास्त वेळ’ हा आक्षेप कच्चा. पक्का आक्षेप असा: जास्त आणि अनंत या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. रोज सुईचं एक टोचणं, बाकी दिवस मोकळा, पण शेवट नाही, अशी हलकी शिक्षा घ्या. दुसरीकडे दहा हजार वर्षांची भट्टी, मग सुटका. बेरीज करत गेलात तर एके दिवशी सुई भट्टीला मागे टाकते, आणि मग टाकतच राहते. म्हणून ‘नरकातही लहान-मोठे दर्जे आहेत’ हे उत्तर पुरत नाही. अनंताने गुणलं की सगळ्या दर्जांचं माप सुटतं. त्या मुलीच्या खुन्याला न्याय मिळावा ही मागणी भागवतातला नरकही पुरी करतो, लाख वर्षांचा का असेना. ‘कायमचा’ या शब्दाने न्यायात नेमकी कोणती भर पडते, ते दाखवायची जबाबदारी तुमची.

ही भर दाखवायचा सगळ्यांत नावाजलेला प्रयत्न ख्रिस्ती धर्मशास्त्री अन्सेल्मच्या वळणाचा, अकराव्या शतकाच्या शेवटचा: अपराधाचं वजन ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवर ठरतं, देव अनंत थोर, म्हणून देणंही अनंत. कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. मनुस्मृती ८.२६७-२६८ काढून बघा. ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला १०० ‘पण’ (तेव्हाचं नाणं) दंड, वैश्याला १५० किंवा २००, शूद्राला शारीरिक शिक्षा. ब्राह्मणाने दिली तर क्षत्रियासाठी ५०, वैश्यासाठी २५, शूद्रासाठी १२. दुखावलेला किती उंच आणि दुखावणारा किती खाली, यावर दंडाचं माप. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं गेलं. जे माप माणसांमध्ये आपण अन्याय म्हणून टाकलं, तेच देवासाठी वापरताना न्याय कसं होतं, हे मला अन्सेल्मच्या बाजूच्या कोणी समजावलेलं नाही.

आतून लावलेल्या दाराचं. ही जास्त माणुसकीची मांडणी आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. दार खरंच आतून लावलेलं असेल तर ते कधीतरी उघडण्याची शक्यता मान्य करा. मग तो ‘कायमचा’ राहत नाही, ‘कदाचित फार लांब’ होतो. बहुतेक परंपरा मात्र मृत्यूनंतर पश्चात्तापाला जागा ठेवत नाहीत. म्हणजे आतली कडी काढली तरी बाहेरून अडसर आहेच.

आता खाजण यांचा मूळ प्रश्न, जो सगळ्यांनी बाजूला टाकला. मानणं दोषास्पद असतं का?

तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांचा यावरचा निबंध २००७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यातला मुद्दा असा की देव खरंच अनंत यातना देत असेल तर ते कृत्य कुठल्याही मानवी अत्याचारापेक्षा वाईट, आणि अशा कर्त्याची मनापासून भक्ती करणारा त्या वाईटाला दाद देतो. मग त्या भक्ताला आपण दाद द्यायची की नाही? प्रश्न बोचरा आहे, पण मला वाटतं तो बहुतेक श्रद्धाळूंना लागू पडत नाही, कारण ते हा सिद्धान्त हाताळतच नाहीत. दिवाणखान्यातल्या बंद घड्याळासारखा तो भिंतीवर असतो.

दुसरा धागा जुना, १८७७ चा. इंग्लिश विचारवंत क्लिफर्डने जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालक स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. उतारू घेऊन जहाज सुटतं आणि बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता, तरी तो दोषी, कारण तसा विश्वास ठेवायचा हक्क त्याने तपासणी करून कमावला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तेवढाच दोषी. नारळी पौर्णिमेच्या आधी फळ्या आणि कालपट्टी (फटी बुजवल्यात का ते) न तपासता होडी लोटणाऱ्याला इथलं पोरही हेच ऐकवेल. मनात विचार येणं आपल्या हातात नसतं, पण तो तपासायचा की नाही, आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्याला होडीत बसवायचं की नाही, हे हातात असतं. भीतीपोटी नरक मानणाऱ्या म्हातारीला मी दोष देणार नाही. शेजारच्या मुलाचं नाव घालून तोच नरक सांगणाऱ्याला देईन.

आणि तपासायची एक जुनी रीत: सिद्धान्त परक्याला नाही, आपल्या माणसाला लावून पाहायचा. डार्विनने आत्मचरित्रात तेच केलं. वचनं शब्दशः घेतली तर आपला बाप, भाऊ आणि जवळजवळ सगळे जिवलग मित्र कायमचे शिक्षेत जातील, असं लिहून त्याने त्या शिकवणीला अतिशय कडक विशेषण लावलं. बायको एम्मा श्रद्धाळू, तिला तो मजकूर छापायला नको होता. १८८७ च्या आवृत्तीत तो नाही, १९५८ मध्ये परत आला. एम्माला नरकाचा बचाव करायचा होता असं यातून काही दिसत नाही. शब्दशः घेतलेला नरक आपल्या घरात शिरला की श्रद्धाळूलाही सोसत नाही, एवढंच दिसतं.

आडवाट

महाडचा मुद्दा अन्सेल्मला लागतो, मान्य. पण देव आणि माणूस यांतलं अंतर जातीच्या अंतरासारखं मानवनिर्मित नाही, हा फरक उरतोच.

गंजिफा

उरतो. पण मग थोर जो आहे त्याने जास्त सोसावं की जास्त वसूल करावं, हेही ठरवावं लागेल.

डोलकाठी

कायद्याची बाजू कोणीच सांगितली नाही. नरक मानणं किंवा प्रवचनात सांगणं गुन्हा नाही. पण ‘अमुक कर, नाहीतर देवाचा कोप होईल’ असं भासवून एखाद्याला जे करायला तो कायद्याने बांधलेला नाही ते करायला लावणं, किंवा ज्याचा त्याला हक्क आहे ते करू न देणं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच दंडसंहितेचं कलम ५०८ होतं. कायद्यातच उदाहरण दिलंय: कोपाची भीती बसावी म्हणून दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसणं. निवडणुकीत मतदाराला अशी भीती घातली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(२) खाली तो भ्रष्ट आचार. जमिनीच्या कागदावर सही, मोठं दान, सुनेचं माहेरी जाणं, या ठिकाणी नरकाचं नाव निघालं की कलम ३५४ आठवावं.

खाजण

सगळ्यांचे आभार. आडवाट, तुमचेही, तुम्ही नसता तर सगळे एका सुरात बोलले असते. मुलांसमोर काय वाचायचं ते राहिलं. बावखोल?

बावखोल

सारोद्धार असेल तर अध्यायांचा क्रम बघा. १ ते ५ पापी जीवाची दशा, यममार्ग, यातना, कोणत्या पापाने काय आणि पाप्यांची चिन्हं. सहावा गर्भवासाची दुःखं. ७ ते १३ विधी: दान, मरणकाळ, अस्थी, दहावा, अकरावा, सपिंडी. १४ धर्मराजाचं नगर, १५ पुण्यवानाचा जन्म, १६ मोक्ष.

घोटाळा होतो तो असा. पहिल्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा १ ते ५ होतात. नंतर गर्दी ओसरते, तयारीची गडबड चालू होते आणि शेवटचे तीन घाईत उरकतात किंवा राहतात. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतं की आपली आजी आता त्या वाटेने चालली आहे. पोथीचं म्हणणं तसं नाही. १४व्यात धर्मराजाच्या नगराला चार दारं आहेत. पूर्व, उत्तर आणि पश्चिम ही चांगल्या माणसांची. पाप्यांना नेतात ते फक्त दक्षिणेच्या दाराने. पहिले अध्याय त्या एकाच दाराच्या वाटेचे आहेत.

म्हणून भटजींना आधीच सांगून ठेवावं. बारा वर्षांखालच्या मुलांना १ ते ६ ला बसवू नये, त्या वेळी त्यांना शेजारी पाठवावं. १४ ते १६ मात्र एका संध्याकाळी सलग, अर्थासकट, मुलांना जवळ घेऊन वाचावेत. मुलाने ‘आजी नरकात गेली का?’ विचारलं तर ‘गप्प बस’ म्हणू नये, ते त्याला ‘हो’ असंच ऐकू येतं. दारांचं सांगावं.

खाजण

घरातल्या जुन्या पोथीत सोळाच्या वर बरेच अध्याय असतील तर?

बावखोल

मग तो सारोद्धार नाही, मूळ पुराणाचा प्रेतखंड आहे. क्रमांक जुळणार नाहीत. विषयसूचीत धर्मराजाच्या नगराचं वर्णन शोधा आणि तिथे खूण घालून ठेवा.